मिठाला जागणारे घर

दिवाळी जवळ आली की गोड पदार्थांवर पहारे बसतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यापुढे अनारशांची ताटली आली, की घरातली दोन माणसे डोळे वटारतात आणि तिसरे माणूस ती ताटलीच उचलून नेते. पण त्याच फराळात चकली असते, कडबोळी असते, शेव-चिवडा असतो, आणि सांगलीकडे पाहुणे यायचे असले म्हणजे भडंगाची परातही भरलेली असते. या मंडळींकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. उलट, "तुम्हाला गोड चालत नाही ना? मग चिवडा तरी घ्या!" असा आग्रह होतो. साखरेला पहारेकरी आहेत, मिठाला नाहीत. आजचा हा लेख त्या बिनपहाऱ्याच्या मिठाविषयी आणि ते ज्याचा हात धरून हळूच वर चढवते त्या रक्तदाबाविषयी आहे.

मी डॉक्टर नव्हे. साताऱ्यात बत्तीस वर्षे मुलांना भूगोल शिकवून निवृत्त झालेला एक गृहस्थ आहे. माझा रक्तदाब वाढलेला आहे, सांगलीला असणारे माझे थोरले बंधू यांचाही आहे, आणि आमच्या आजोबांचाही असावा असे आता वाटते. साठीत असताना एका सकाळी त्यांच्या 'अंगावरून वारे गेले', आणि पुढची चार वर्षे ते ओटीवरच्या बाजेवर होते. आपल्याकडे बहुतेक प्रत्येक घरात अशी एखाद्या 'वाऱ्या'ची गोष्ट असते. हे वारे बाहेरून येत नाही. ते वर्षानुवर्षे आपल्याच रक्तवाहिन्यांत साठत असते, हे कळायला मात्र आम्हाला दोन पिढ्या लागल्या.

न दुखणारे दुखणे

रक्तदाबाचे दोन आकडे असतात. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते त्या क्षणीचा वरचा, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतला खालचा. १२० आणि ८० च्या आत असणे चांगले. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक भरू लागला, तर आपल्याकडचे डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दंडाला पट्टी बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली काढली, आणि पट्टीखाली नळी लावून ठोके ऐकण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली दिली. त्यापूर्वी हा रोग होताच, पण त्याला आकडा नव्हता.

आणि आकड्यावाचून हा रोग दिसत नाही, हीच त्याची खरी खोडी. डोके दुखले म्हणजे दाब वाढला आणि डोके शांत असले म्हणजे दाब ठीक, असा पुष्कळांचा समज असतो. तो खोटा आहे. १७० दाब असलेला माणूस खुशाल जेवतो, भांडतो, लग्नात वाढपाला उभा राहतो. आत मात्र मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या आणि डोळ्यांच्या बारीक रक्तवाहिन्या रात्रंदिवस झिजत असतात, आणि जादा ओझे ओढून ओढून हृदयाची भिंत जाड होत असते.

या रोगापुढे एके काळी सारेच हतबल होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, त्या दिवशी त्यांचा दाब ३०० वर १९० भरला होता. जगातले सर्वांत बलाढ्य सैन्य ज्यांच्या हुकमात होते त्यांना देण्यासाठी डॉक्टरांपाशी परिणामकारक गोळी नव्हती. त्याच काळात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर हे डॉक्टर आपल्या रोग्यांना बिनमिठाचा भात, फळे आणि साखर एवढ्यावर ठेवीत होते. आहार इतका बेचव, की तो पाळणे म्हणजे तपश्चर्याच. पण कित्येकांचा दाब त्याने खरोखर उतरला. पुढे १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या सर्पगंधेच्या मुळीचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि भारतीय वनस्पतीने साऱ्या जगाचे लक्ष वेधले. आता सर्पगंधाही मागे पडली, आणि अधिक चांगल्या, स्वस्त गोळ्या गावोगाव मिळू लागल्या. रूझवेल्टना जे मिळाले नाही ते आज आपल्या वाडीवस्तीवरच्या माणसालाही मिळू शकते. तरीही वारे जातेच. ते का जाते, याचे उत्तर मला आमच्याच घरात पाहावे लागले.

सांगलीचा फोन

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सांगलीच्या वखार भागात हळदीच्या अडतीच्या धंद्यात होते. बोलणे मोठे, काम त्याहून मोठे. त्यांचा दाब वाढल्याचे दोन वर्षे आधीच कळले होते. गोळ्या सुरू झाल्या, दाब उतरला, आणि तो उतरला म्हणून दादांनी गोळ्या बंद केल्या! "मला आता काही होत नाही. उगीच औषधाची सवय कशाला लावून घ्यायची?" हे त्यांचे म्हणणे. ऐकायला किती शहाणपणाचे वाटते पाहा. परंतु दाब उतरलेला असतो तो गोळी चालू असते म्हणून. छत्रीखाली अंग कोरडे राहिले म्हणून पाऊस थांबला असे कोणी म्हणत नाही.

एका सकाळी चोपडीत आकडा मांडताना त्यांच्या बोटांतून पेन गळाले. ओठाचा एक कोपरा खाली आला आणि शब्द जड पडू लागले. सुदैवाने पुतण्या शेजारीच होता. झोप घेऊन बरे वाटेल, लिंबूपाणी देऊ, असल्या भानगडीत न पडता त्याने त्यांना गाडीत घालून थेट मिरजेला रुग्णालयात नेले. इथे वाचकांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी: तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांतले एकही अचानक दिसले तर घड्याळ पाहावे आणि निघावे. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जितके लवकर तितके बरे.

दादा वाचले. उजवा हात मात्र मंद राहिला. चाळीस वर्षे ज्या हाताने पोत्यात खुपसून हळदीची प्रत ओळखली, त्या हाताला सदऱ्याची गुंडी लावायला पाच मिनिटे लागू लागली. आणि डॉक्टरांनी आम्हा सर्वांना सांगितले, "हे घराण्यात असते. धाकट्या भावांनीही मोजून घ्या." मी मोजून घेतला. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजला. १५८ वर ९६ च्या आसपास.

वहिनींचा हिशेब

दादा घरी आले तेव्हा त्यांच्यासाठी आळणी स्वयंपाक वेगळा होऊ लागला. एका लहान पातेल्यात त्यांची आमटी, दुसऱ्यात त्यांची भाजी. महिनाभरात हा बेत ढासळला. मी भेटायला गेलो होतो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या एकट्याच्या आमटीत मीठ कमी घातलं, तर हे शेजारच्या वाटीकडं बघत बसतात. आजारी माणसाला वेगळं ताट म्हणजे शिक्षाच की हो! घरात एकट्याचं मीठ कमी होत नाही. व्हायचं तर सगळ्यांचं होतं."

या एका वाक्यात मला साऱ्या वैद्यकाचे सार सापडले. आणि वहिनी नुसते बोलून थांबणाऱ्या नव्हेत. व्यापाऱ्याचे घर, त्यांनी हिशेब मांडला. घरात पाच माणसे. मिठाची किलोची पुडी किती दिवस पुरते? त्यांनी नव्या पुडीवर पेन्सिलीने तारीख घातली. वीस दिवसांत पुडी संपली. हजार ग्रॅम भागिले वीस, म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅम, आणि माणशी दहा. थोडेसे मीठ भाज्या धुण्यात आणि टाकलेल्या पाण्यात जाते हे खरे. पण लोणचे, पापड, पाव, फरसाण यांतून बाहेरचे मीठ पोटात येते तेही या पुडीत धरलेले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे म्हणते, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. आणि त्यात सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या खिचडीपर्यंत सारे आले. आपल्या देशात निरनिराळ्या पाहण्या झाल्या, त्यांत सरासरी आठ ते अकरा ग्रॅम अशी निघाली. म्हणजे वहिनींचे घर काही जगावेगळे नव्हते. पाच माणसांच्या घरात पुडी चाळीस दिवस पुरली पाहिजे, एवढे गणित त्यांनी पंचांगाच्या शेजारी लिहून लावले.

मिठाने दाब का वाढतो, याचा खुलासा सोपा आहे. मिठातले सोडियम अंगात पाणी धरून ठेवते. जादा सोडियम मूत्रपिंडांनी बाहेर टाकावे अशी योजना असते, पण रोजच भार पडू लागला की ती मागे पडतात. त्याच नळ्यांतून अधिक पाणी खेळू लागते, नळ्याही आखडतात, आणि दाब चढतो. वय वाढेल तसा हा परिणाम अधिक जाणवतो.

मग वहिनींनी काय केले? पानात वाढताना डाव्या हाताला मीठ वाढण्याची पद्धत आहे, ते मीठ प्रथम गेले. भात आणि कणीक बिनमिठाची झाली. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीत मीठ घालत नाहीतच, तेव्हा भाकरीचे काही बिघडले नाही. आमटी-भाजीचे मीठ एकदम न तोडता दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे उतरवले. ताकात मीठ बंद, भाजलेले जिरे चालू. पापड रोजच्या जेवणातून उठून सणावारी गेला. लोणच्याची फोड एकच, आणि तीही खार निथळून. ठेच्यात मीठ निम्मे आणि लसूण दुप्पट. कारळाच्या आणि जवसाच्या चटणीत लिंबू पिळू लागले. चहाबरोबरचे रोजचे भडंग रविवारावर आले.

पहिल्या पंधरवड्यात नातू ओरडे, "आजी, आमटीत मीठच नाही!" तीन महिन्यांनी तोच नातू एका लग्नाच्या पंगतीत माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आजोबा, ही भाजी किती खारट आहे!" जीभ ही अशी आहे. दोन-तीन महिने दिले की ती नवे माप शिकते, आणि मग जुने माप तिलाच सोसत नाही. पुढच्या दिवाळीला वहिनींची पुडी चौतीस दिवस पुरली. चाळीस नव्हे, पण वीसही नव्हे.

ताटाची परीक्षा

हा घरगुती शहाणपणा शास्त्राच्या कसोटीला उतरतो का? उतरतो. अमेरिकेत १९९७ साली 'डॅश' नावाच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही लोकांना नेहमीचे अमेरिकी जेवण आणि काहींना भरपूर भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दूध-दही असे जेवण संशोधकांनी स्वतः पुरवले. दुसऱ्या गटाचा दाब उतरला. २००१ साली ४१२ लोकांवर पुढचा प्रयोग झाला. त्यात दोन्ही प्रकारच्या जेवणांत मिठाच्या तीन पायऱ्या ठेवल्या. मीठ जसजसे एकेक पायरी उतरले तसतसा दाबही उतरला. ज्यांचा दाब मुळात वाढलेला होता, त्यांच्यात चांगले जेवण आणि कमी मीठ हे दोन्ही एकत्र आले तेव्हा नेहमीच्या खारट जेवणापेक्षा वरचा आकडा सरासरी साडेअकरांनी कमी भरला. औषधाच्या एका गोळीने साधारण एवढेच काम होते.

आपल्या भाषेत या ताटाचा अर्थ काय? मेथी, चाकवत, तांदळी, शेवगा, मूग, मटकी, हुलगे, केळे, पेरू, चिकू, बिनमिठाचे ताक. कोशिंबिरीचा चमचा वाटी व्हावा, आणि लोणच्याची वाटी चमचा व्हावी, एवढाच त्याचा मथितार्थ. या भाज्या-फळांत पोटॅशियम असते आणि ते सोडियमच्या उलट दिशेने ओढते. मात्र ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हा मार्ग धरू नये.

हल्ली बाजारात थोडे सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेले मीठ मिळते. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे एकवीस हजार माणसांवर त्याचा प्रयोग झाला. ही सारी माणसे पूर्वी पक्षाघात झालेली, किंवा साठी ओलांडून दाब वाढलेली अशी. २०२१ साली निष्कर्ष आला, की असे मीठ वापरणाऱ्या खेड्यांत पक्षाघात शेकडा चौदांनी कमी झाले. तिथेही वेगळे पातेले नव्हते; घराचे मीठच बदलले होते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे मीठ स्वतःच्या मनाने घेऊ नये. आणि उपासाचे सैंधव? पुष्कळ भगिनी ते निर्धोक समजून सढळ हाताने घालतात. सैंधव हेही जवळजवळ सारे तेच मीठ आहे. रंग गुलाबी असला म्हणून त्याचा स्वभाव पालटत नाही.

औंधचे राजे आणि मिरजेचा सल्ला

मिठाचे झाले, आता अंग हलवण्याचे. या बाबतीत आम्हा सातारा-सांगलीकरांना परक्या मुलुखात उदाहरण शोधायला नको. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडो या जर्मन पहिलवानाच्या पद्धतीने बरीच वर्षे व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या मिरजेचे अधिपती गंगाधरराव उर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून त्यांनी सूर्यनमस्कार धरले, आणि मग ते सोडले नाहीत. एका बाळासाहेबांनी दुसऱ्या बाळासाहेबांना दिलेला हा सल्ला पुढे फार दूर गेला. पंतप्रतिनिधींनी नमस्कारांवर पुस्तके लिहिली, इंग्रजीतूनही लिहिली. १९३८ साली विलायतेत त्यांचे पुस्तक निघाले. १९५१ साली ते गेले तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी होते.

त्यांनी नमस्कार घातले ते रक्तदाब मनात धरून नव्हे. मला त्यांच्या उदाहरणातले मोल वेगळ्याच ठिकाणी दिसते. राजेसाहेबांनी प्रथम स्वतः केले, मग घरातल्यांकडून करवले, आणि मग संस्थानातल्या शाळांतून तो रोजचा पाठ केला. औंध संस्थानाचे आटपाडी आणि कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यात आहेत. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतली पोरे एकाच वेळी जमिनीला कपाळ टेकवीत होती. एकट्या राजाने घातलेला नमस्कार हा छंद ठरला असता. सर्वांनी मिळून घातल्यामुळे ती रीत झाली. वहिनींची आमटी आणि औंधचे नमस्कार या दोहोंतले तत्त्व एकच.

ज्यांचा दाब फार चढलेला आहे त्यांनी एकदम नमस्कारांचा सपाटा लावू नये; आधी तो औषधाने आटोक्यात येऊ द्यावा. चालणे मात्र बहुतेकांना मानवते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने. मी स्वतः अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या चार भिंतींच्या बाजूला जातो. एकटा जात असे तेव्हा पावसाचे, थंडीचे, पाहुण्यांचे निमित्त पुरे. आता आळीतले आम्ही सहा जण जातो, आणि एक जण खाली उभा राहून हाक मारतो. मग अंथरुणात पडून राहण्याची सोय उरत नाही. सांगलीला दादा काठी टेकत आमराईत दोन फेऱ्या घालतात, आणि वहिनी बरोबर असतात. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानेही उपयोग होतो. दर किलोमागे वरचा आकडा साधारण एकाने खाली येतो, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे.

तंबाखूविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पुरुषांची विडी आणि चुना-तंबाखू सर्वांना दिसते. पण आमच्या दोन्ही जिल्ह्यांत कितीतरी आयाबहिणी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. दात घासणे म्हणतात! भाजली तरी ती तंबाखूच. हिरड्यांतून ती रक्तात उतरते, नाडी आणि दाब चढवते, आणि रक्तवाहिन्यांना व हृदयाला अपाय करते. गरोदर स्त्रीला तर ती दुहेरी घातक. दारूनेही दाब चढतो, आणि माफक दारू हृदयाला बरी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

जिल्ह्याचा जिल्हा

घराचे आणि आळीचे झाले. पण साऱ्या जिल्ह्याने मिळून हे काम करता येते का? २०१७ च्या नोव्हेंबरात पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, सरकारी आरोग्य खाती आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा तो एकत्रित प्रयत्न. महाराष्ट्रातून प्रथम जे चार जिल्हे घेतले त्यांत भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग यांच्याबरोबर आमचा सातारा होता.

या उपक्रमात नव्या शोधाचा झगमगाट नव्हता. सरकारी दवाखान्यात आलेल्या मोठ्या माणसाचा दाब मोजायचा. वाढलेला निघाला तर ठरलेल्या क्रमाने, ठरलेली, मोजकी औषधे द्यायची, म्हणजे ती कमी पडत नाहीत. गोळ्या एकदम महिन्याच्या द्यायच्या, घराजवळ द्यायच्या, फुकट द्यायच्या. प्रत्येकाची नोंद ठेवायची, आणि ठरल्या दिवशी जो आला नाही त्याला निरोप धाडायचा. डॉक्टर एकटा पुरत नाही म्हणून परिचारिका आणि आरोग्यसेविका यांनी हात लावायचा. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मला त्यातले सर्वांत मोठे कलम वाटते ते 'न आलेल्याला निरोप' हे. गोळी बंद केल्यावर दादांच्या दारात असा एखादा निरोप आला असता तर, हा विचार मनात येतोच.

दाब मोजण्याचीही एक शिस्त आहे, ती सांगून टाकतो. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना चढणे नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पाच मिनिटे गप्प बसावे. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. पट्टी उघड्या दंडावर, दंडाच्या मापाची. मोजताना बोलू नये. मिनिटभराने पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहावे. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली म्हणजे त्यांना अंदाजाने बोलावे लागत नाही.

माझ्या वहीत आज काय आहे? १३४ वर ८४, कधी दोन वर, कधी दोन खाली. माझी गोळी सुटलेली नाही. मीठ, चालणे, ताट यांनी गोळी सुटलीच पाहिजे असा हट्ट कोणी धरू नये. काहींची सुटते, ती डॉक्टर सोडवतात, आपण नव्हे. माझ्या बाबतीत एवढेच झाले, की एका गोळीवर भागले, दुसरी वाढवावी लागली नाही. बासष्टाव्या वर्षी हा सौदा मला फायद्याचा वाटतो. दादांची गोळी तर आता वहिनींच्या देवपूजेच्या वेळेला बांधलेली आहे. निरांजन लागले की डबी उघडते. त्या उजव्या हातात अजून पूर्ण बळ आलेले नाही, पण गेल्या पाडव्याला त्यांनी वहीपूजनाच्या पानावर स्वतःच्या अक्षरात 'शुभ लाभ' लिहिले. अक्षर वाकडे होते. आम्ही सर्वांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले.

वाचकहो, मोठे संकल्प करण्यात आपण मराठी माणसे मागे नाही. गड चढतो, वारी चालतो, निर्जळी एकादशी करतो. रक्तदाबाला यांतले काहीच नको असते. त्याला हवे असते रोज चिमूटभर कमी, रोज चार पावले अधिक, आणि रोज एक गोळी न चुकता. आणि हे सारे घरातल्या सर्वांनी मिळून. दिवाळी सरली की वाण्याकडून मिठाची नवी पुडी येईल. ती फोडण्यापूर्वी तिच्यावर पेन्सिलीने तारीख घाला. घरातली डोकी मोजा आणि हजारास पाचाने व मग डोक्यांनी भागा. जे उत्तर येईल तितके दिवस ती पुडी पुरवायची. पहिल्या खेपेला नाही पुरणार. दुसऱ्या पुडीवरही तारीख घाला.